समाजी, शमुएल आणि चार अक्षरे

इ. स. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्राएल समाजाचे पहिले सभास्थान उभे राहिले. ते उभारणारा गृहस्थ इतिहासात दोन नावांनी वावरतो. कंपनी सरकारच्या पलटणीतला हा अधिकारी आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर होता. पुढील काळातील ग्रंथांत तो सॅम्युअल एझेकिएल दिवेकर झाला. यांतील दुसरे नाव मूळ आणि पहिले त्याचा अपभ्रंश, असे बहुतेक अभ्यासक गृहीत धरून पुढे जातात. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे, कारण त्यात केवळ एका व्यक्तीच्या नावाचा नव्हे, तर एका समाजाच्या ओळखीचा प्रश्न दडलेला आहे. विसाव्या शतकात हाच प्रश्न त्या समाजाला एका परक्या, आणि तरीही आपल्या मानलेल्या, भूमीवर अत्यंत अवघड रूपात विचारला गेला.

प्रथम नावांची फोड पाहू. शमुएल या नावात 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव असे दोन घटक आहेत. 'ज्याचे नाव एल' किंवा 'एलचे नाव' असा त्याचा अर्थ लावला जातो. (बायबलची कथा हे नाव 'देवाकडे मागितलेला' या अर्थाशी जोडते, पण लोकव्युत्पत्ती आणि शब्दव्युत्पत्ती यांचा असा बेबनाव निरुक्ताच्या वाचकांना अपरिचित नाही.) यहेज्केल म्हणजे 'एल बळ देईल'. आता समाजी आणि हसाजी ही रूपे पाहिली, तर लोपलेला घटक दोन्हीकडे एकच आहे. 'एल' गेला आहे, आणि त्याच्या जागी 'जी' आला आहे. एलियाहू या नावाचे एलोजी होते तेव्हा एल राहतो खरा. पण 'माझा देव याह' या अर्थाच्या त्या नावातून चतुरक्षरी नामाचा संक्षेप असलेला 'याहू' गळतो, आणि त्याही जागी 'जी' येऊन बसतो. तिन्ही ठिकाणी माणसाच्या नावातील देवाचे नाव सरकून तेथे लोकांनी दिलेला मान आला आहे. शमुएलच्या बाबतीत तर नाव राहिले आणि ज्याचे नाव होते तो गेला, असे अक्षरशः म्हणता येते.

या निरीक्षणावरून धर्मविस्मृतीचा सिद्धान्त उभारणे मात्र घाईचे होईल. नावाचे आद्य अवयव राखून त्याला 'आजी' जोडणे ही मराठीची नेहमीची पद्धत आहे. राम ते रामाजी, बाळ ते बाळाजी. शिवाय देवनाम गाळून व्यक्तिनाम आखूड करण्याची रीत खुद्द हिब्रूत आहे. नाथान हे नाव त्याच प्रकारचे मानले जाते. म्हणजे मराठीने केले ते हिब्रूलाही परके नव्हते. आणि 'जी' हा केवळ आदरवाचक प्रत्यय नाही. नावाच्या शेवटावरून माणसाची जागा ओळखण्याच्या त्या काळात, जेव्हा 'नाक' हा शब्द नावामागे लागताच महार शिपाई ओळखू येई, तेव्हा 'जी' मिळणे ही गावाच्या उतरंडीत मिळालेली एक निश्चित जागा होती. ही जागा फार उंच नव्हती. कोकणातील हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या नावात धर्माची एवढीच खूण होती : काम न करण्याचा एक वार.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास या जुन्या रूपांची नोंद घेतो. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, आणि पुढे कधीतरी आलेल्या दावीद राहाबी नावाच्या पाहुण्याने खवले व पर नसलेला मासा टाळण्याच्या रीतीवरून या लोकांना ओळखणे, ही परंपरेतील कथा सर्वश्रुत आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा एक तपशील प्रस्तुत संदर्भात मोलाचा ठरतो. सर्व ग्रंथ, प्रार्थना आणि लिपी हरवूनही 'शमा' हे एक वचन या लोकांच्या तोंडी टिकले होते, आणि सुंता, लग्न, मृत्यू अशा सर्व प्रसंगी तेच म्हटले जाई, असे परंपरा सांगते. शमा म्हणजे 'ऐक'. या वचनात इस्राएलला हाक आहे आणि देव एकच असल्याचे विधान आहे. देवाचा निर्देश त्यात चार अक्षरांच्या नामाने होतो.

येथे एक बारकावा आहे. योद, हे, वाव, हे ही चार व्यंजने यहुदी वाचक पाहतो, पण उच्चारीत नाही. त्यांच्या जागी तो 'अदोनाय', म्हणजे 'माझा स्वामी', असे म्हणतो. अक्षर हरवले आणि ध्वनी तेवढा राहिला, तर जे राहील ते नाम नव्हे, नामाऐवजीचा शब्द. परंपरेचे म्हणणे खरे मानायचे, तर कोकणच्या या लोकांनी शतकानुशतके देवाचे नाव नव्हे, तर ते न घेण्याची रीत जपली. आपण कशाऐवजी काय म्हणतो हे सांगणारी पोथीच जवळ नसताना ती जपली, ही गोष्ट विलक्षण म्हटली पाहिजे.

बाराव्या शतकात मैमोनिदेसने आपल्या तत्त्वचिंतनपर ग्रंथात देवाच्या नामांविषयी एक भेद केला होता. एलोहीम, शद्दाय, अदोनाय ही नामे कृतीवरून किंवा संबंधावरून पडलेली आहेत. चार अक्षरांचे नाम मात्र कोणत्याही गुणाचे वा कृतीचे वाचक नाही, ते केवळ त्याचेच आहे. आधुनिक परिभाषेत, पहिली नामे वर्णने आहेत आणि शेवटचे विशेषनाम आहे. विशेषनामाला अर्थ नसतो, फक्त निर्देश असतो, हे जॉन स्टुअर्ट मिलचे म्हणणे आणि सर्व संभाव्य विश्वांत त्याच व्यक्तीला चिकटून राहणाऱ्या 'दृढ निर्देशका'ची क्रिप्कीने १९७० च्या व्याख्यानांत मांडलेली कल्पना यांच्याशी या भेदाचे नाते उघड आहे. फरक एवढाच की तत्त्वज्ञांच्या दृष्टीने सर्वांत वापरण्याजोगे जे विशेषनाम, तेच येथे वापरता येत नाही. विष्णुसहस्रनामाच्या किंवा वारकऱ्यांच्या नामस्मरणाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला हे उलटे वाटते, कारण आपल्याकडे नाम वापरल्यानेच वाढते. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'तील शब्दखंडन मात्र या दुसऱ्या बाजूच्या बरेच जवळ आहे; तेथेही आत्मवस्तूपुढे शब्दाचा अधिकार संपतो. शब्द निरुपयोगी ठरतो म्हणून थांबणे आणि नाम अतिमोलाचे म्हणून झाकून ठेवणे या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. तुलनेच्या उत्साहात हा भेद पुसला जाऊ नये.

निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे देवाला नाव विचारतो आणि त्याला उत्तर म्हणून एक क्रियापद मिळते : 'एह्ये अशेर एह्ये'. 'असणे' या धातूच्या अपूर्णकाळाचे ते प्रथमपुरुषी एकवचन आहे. या तीन शब्दांनी मराठी भाषांतरकाराची जी कोंडी होते, ती एखाद्या ग्रीक-लॅटिन संज्ञेने होत नाही. 'मी आहे' म्हणावे तर वाक्य स्थिर होते, वेदान्ताच्या सत्-तत्त्वाकडे झुकते. 'मी असेन' म्हणावे तर मराठीत त्याला संशयाची छटा येते. 'तो घरी असेल' या वाक्यात भविष्य थोडे आणि अंदाज फार असतो. 'मी होईन' म्हणावे तर आज नसल्याची कबुली होते. हिब्रू अपूर्णकाळाच्या सर्वांत जवळ जाते ते जुन्या मराठीतील 'करी', 'बोले', 'असे' हे रूप : वर्तमानही, रीतीही, पुढेही चालू राहणारे. पण एकोणिसाव्या शतकातील भाषांतरे सुरू होण्यापूर्वीच गद्यात ते रीतिभूतकाळाकडे सरकले होते. मराठीला हे वाक्य नेमके जेव्हा हवे होते, तेव्हा ते घडविण्याचे साधन तिच्या हातून निसटलेले होते.

व्याकरणाचा दुसरा पेच एलोहीम या शब्दाचा. रूप अनेकवचनी, पण इस्राएलच्या देवाविषयी योजताना क्रियापद एकवचनी. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, परंतु त्यात क्रियापदही बहुवचनी होते : 'गुरुजी आले'. आणि जो सर्वांत आदरणीय, त्या देवाला मात्र मराठी माणूस आदरार्थी बहुवचनाने सहसा संबोधीत नाही. देव 'आला', देवा 'तू'. मराठीतील ही सलगी भाषांतरकारांच्या पथ्यावर पडली आणि एलोहीमची जागा 'देव' या साध्या शब्दाने घेतली. माणसाला 'जी' आणि देवाला 'तू' ही विभागणी समाजी हसाजीच्या नावातही दिसते.

चार अक्षरांचे मराठीत काय झाले, ही कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. मध्ययुगातील यहुदी पाठसंपादकांनी त्या व्यंजनांना 'अदोनाय'ची स्वरचिन्हे लावली; वाचकाने काय म्हणावे याची ती खूण होती. ख्रिस्ती वाचकांनी व्यंजने आणि स्वर एकत्र वाचले आणि एक नवेच रूप जन्मले. मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून ते 'यहोवा' म्हणून मराठीत रुळले. अलीकडच्या भाषांतरांनी त्याऐवजी 'परमेश्वर' स्वीकारले. आता बेने इस्राएल वाचकाची स्थिती कल्पावी. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत आणले, मिशनच्या शाळांत या समाजाची मुले शिकू लागली, आणि आपल्या पूर्वजांचा ग्रंथ त्यांच्या हाती मातृभाषेत आला. त्या ग्रंथात त्यांच्या देवाला अशा नावाने हाक मारलेली होती, की जे कोणत्याही यहुद्याने उच्चारले नसते. ग्रंथ परत मिळाला आणि त्याबरोबर नाम न उच्चारण्याच्या रीतीचा भंगही मिळाला.

समाजाने या पेचावर शोधलेला मार्ग भाषिक होता. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा छापली गेली. दोहोंत हिब्रू मजकुराबरोबर मराठी भाषांतर होते. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे सातत्याने केली. अशा द्विभाषिक पृष्ठावर डोळा चार अक्षरे पाहतो, जीभ अदोनाय म्हणते आणि मन मराठीत समजून घेते; नामाची तीन रूपे तीन इंद्रियांत वाटली जातात. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत गायिली जाऊ लागली. कीर्तन हा गजराचा प्रकार आहे. त्यात देवाचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावेच लागते. नाम व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आणि नामाचा घोष ही कीर्तनाची गरज यांचा मेळ बसला तो मराठी शब्दांमुळेच. 'देव', 'ईश्वर' हे शब्द कितीदाही घेतले तरी चार अक्षरे अस्पर्श राहतात. भाषांतर म्हणजे मुळाचा ऱ्हास, या रूढ समजुतीला येथे निरुत्तर व्हावे लागते. बाबेलच्या कथेवर लिहिताना देरिदाने दाखविले की विशेषनाम भाषांतराची मागणी करते आणि त्याच वेळी त्याला मनाईही करते. बेने इस्राएल कीर्तनकारांनी ती मनाई पाळली आणि मागणीही पुरविली, तीही कोणत्याही सिद्धान्ताविना.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याच्या नेमका उलट. केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर, वेदान्ताचा वास असलेले शब्द काढून साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ज्या विदुषीला 'सरस्वती' ही उपाधी संस्कृतमुळे मिळाली, तिने संस्कृत शब्द दूर सारण्यासाठी हिब्रू शिकावे, यात मराठी भाषांतराच्या इतिहासातील एक मोठा संघर्ष साठलेला आहे. १८८३ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना 'मेरी' हे नाव मिळाले. व्यवहारात टिकले ते रमाबाईच.

रमाबाईंच्या संदर्भात नामांतराचा विषय निघतो तो उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायाकडे नेतो. तेथे अब्रामचा अब्राहाम होतो आणि सारायची सारा. परंपरा सांगते की दोघांच्या नावांत 'हे' हे चतुरक्षरी नामातील अक्षर आले. देवाने आपल्या नावातील अक्षर माणसाच्या नावात घातले. हे भाष्य सुंदर आहे, पण प्रसंगातील एक विषमता ते झाकते. अब्राहामाला त्याचे नवे नाव देव स्वतः सांगतो. साराचे नवे नाव देव सांगतो तेही अब्राहामालाच. ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेले नवे नाव ज्या समाजात नवरा वधूला देतो, त्या समाजातील वाचकाला ही रचना ओळखीची वाटावी. याच कथेत, अगदी आदल्या अध्यायात, एक उलट घटना आहे. हागार ही मिसरी दासी रानात देवाला नाव ठेवते : 'एल रोई', पाहणारा देव. जिला मालकीण नावाने हाक मारीत नाही, 'दासी' म्हणूनच जिचा उल्लेख करते, ती देवाचे नामकरण करते. देवाला नाव देणारी व्यक्ती कुलपिता नसून पळून आलेली दासी असावी, हे नामचर्चेत दुर्लक्षिले जाते.

याकोबाची कथा आणखी वेगळी. यब्बोकच्या उतारावर रात्रभर झुंजल्यावर त्याला 'इस्राएल' हे नाव मिळते. तो उलट नाव विचारतो, ते मिळत नाही. पण लक्षणीय गोष्ट पुढची आहे. अब्राहाम झाल्यावर कथेत पुन्हा कोणी अब्राम म्हणत नाही; इस्राएल झालेला याकोब मात्र शेवटपर्यंत याकोबही राहतो. दोन नावे एकमेकांना न खोडता नांदतात. ज्या समाजाने स्वतःला 'यहुदी' न म्हणता 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलची मुले, म्हटले, त्याच्या नावव्यवहाराचे हे जणू पूर्वरूप आहे. गावात समाजी, सभास्थानात शमुएल बेन यहेज्केल, आणि मिशनच्या शाळेपासून पुढे हजेरीपटावर सॅम्युअल एझेकिएल. गळालेला 'एल' परत आला, पण इंग्रजी उच्चारातून. ज्याला 'मूळ' म्हटले जाते ते सॅम्युअल हे रूप या समाजाच्या दैनंदिन व्यवहारात समाजीनंतरचे आहे. मूळ आणि अपभ्रंश यांचा क्रम वंशावळीत एक असतो, वापरात दुसरा.

आडनावांनी गावे धरून ठेवली : दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, अष्टमकर, पेणकर, झिराडकर. अशी नावे शंभरावर आहेत. जोवर माणूस कोकणात होता तोवर 'कर' हा प्रत्यय पत्ता होता. गाव सोडताच ती आठवण झाली. पलटण, कचेऱ्या आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांनी हा समाज कोकणाबाहेर नेला. थळ घाटातून लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचल्यानंतर त्या मार्गावर जी रेल्वेची गावे वाढली, तेथे सारेच बाहेरचे होते. इगतपुरीच्या फलाटावर 'किहीम कुठे' हा प्रश्न निरर्थक होता आणि आडनाव फक्त हजेरीपटावरची ओळ होती. (त्याच इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचे शिक्षण दिले जाते, त्यात श्वासाला कोणतेही नाम जोडायचे नसते. नाम न घेण्याचे तेही एक कारण, मैमोनिदेसाच्या कारणाहून अगदी निराळे.)

देवाची नामे व्यक्तीच्या ओळखीविषयी काही शिकवीत असतील तर ते हेच, की नाव हे आतल्या गाभ्याचे लेबल नसून कोणी, कोठून, कोणत्या नात्याने हाक मारली याची खूण असते. पितरांना शद्दाय म्हणून दिसलेला आणि मोशेला चार अक्षरांनी कळलेला देव दोन नव्हे, असे निर्गमाचा सहावा अध्याय आवर्जून सांगतो. माणसाच्या बाजूने याला जोडीचा शब्द आहे 'हिन्नेनी' : 'हा मी'. अब्राहाम, याकोब, मोशे हाकेला हेच उत्तर देतात. त्या उत्तरात स्वतःचे नाव नाही, हजेरी आहे.

परंतु राज्यसंस्था आणि धर्मपीठ यांना हजेरी पुरत नाही; त्यांना दाखला लागतो. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या, की या समाजातील वधूवरांच्या मागल्या पिढ्यांची चौकशी करावी. संशय असा की घटस्फोट आणि विवाह यांविषयीचा धर्मशास्त्रीय नियम दीर्घकाळ ठाऊक नसलेल्या या लोकांची वंशशुद्धी निश्चित नाही. आजी-पणजीपर्यंतची चौकशी म्हणजे नावांची चौकशी. ज्या नावांतून 'एल' गळून 'जी' आला होता, ती आता साक्षीला बोलावली गेली. कोकणच्या किनाऱ्यावर ग्रंथाविना 'अदोनाय' जपणाऱ्यांच्या वंशजांना, तुम्ही खरोखर ते आहात काय, असे विचारले गेले. निदर्शने झाली, संसदेत वाद झाला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. धर्मपीठाने पुढे आपल्या सूचनेतून या समाजाचे नाव काढून टाकले. एखाद्या समाजाचे नाव कागदावरून खोडले जाणे हा त्याचा विजय ठरावा, असे प्रसंग इतिहासात फार नसतील.

समाजी हसाजींनी बांधलेल्या सभास्थानाचे हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', दयेचे द्वार. समाजाच्या बोलीत ती 'जुनी मशीद', कारण प्रार्थनास्थळाला त्यांच्या मराठीत तोच शब्द होता. शेजारचा रस्ता आजही सॅम्युअल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो, आणि जवळच्या रेल्वे स्थानकाचे 'मशीद' हे नावही याच वास्तूवरून पडले असे मानले जाते. स्थानकावर उतरणारे बहुसंख्य प्रवासी त्या शब्दाचा अर्थ वेगळा लावतात.